डाग बघा, म्हणजे कळेल ओल नक्की कधी शिरली

जून संपला की या सदराकडे येणारे प्रश्न एकदम बदलतात, उन्हाळ्यात लोक कुठली फिल्म घेऊ, कुठला कॅमेरा बरा असं विचारतात आणि पावसाळा सुरू झाला की एकच प्रश्न, ताई हे निगेटिव्हवर काय आलंय बघा की. यावेळी चार पत्रं घेतलीत. चारही ओलीचीच, पण चौघांची ओल वेगवेगळ्या वेळी शिरलेली आहे, आणि माझं म्हणणं एवढंच असतं की "ओलीनं झालं" हे काही निदान नव्हे, ओल रोल टाकायच्या आधी लागली, फोटो काढून झाल्यावर लागली, धुताना-वाळवताना लागली की कपाटात पडून लागली हे कळलं तरच पुढचा रोल वाचतो.

प्रश्न : ताई नमस्कार, मी पाटणचा. जुलैमध्ये ठोसेघर आणि कास दोन्हीकडं जाऊन १२० चा (रुंद फिल्मचा) ब्लॅक अँड व्हाइट रोल टाकला, कॅमेरा सेकंडहँड घेतलेला टीएलआर (एकावर एक दोन लेन्सवाला) आहे, क्रँक फिरवली की फ्रेमला आपोआप थांबणारा. चार फ्रेम उरल्या म्हणून रोल आतच राहिला, त्या गणपतीत संपवल्या आणि रोल बॅगेत पडला तो दिवाळीनंतर धुवायला (डेव्हलप करायला) दिला. आभाळात सगळीकडं ठिपके ठिपके, ढगाळ पट्टे, आणि एका फ्रेममध्ये तर चक्क ७ आकडा दिसतोय. धुणारे म्हणतात कॅमेऱ्यात लाइट लीक आहे, मित्र म्हणतो लेन्सला बुरशी आहे. कॅमेरा दुरुस्तीला टाकू का?

उत्तर : नका टाकू, निदान या रोलच्या जिवावर तरी नको. तुम्ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट स्वतःच लिहिलीय आणि तिच्याकडं कुणी बघितलंच नाही, तो ७ आकडा. तो आकडा कॅमेऱ्यात फिल्मपाशी कुठं नसतोच, तो असतो १२० च्या रोलमागच्या कागदावर.

म्हणजे कसं बघा. ३५ एमएमच्या रोलला मागं कागद नसतो पण १२० ला टोकापासून टोकापर्यंत असतो, आणि त्याच्या बाहेरच्या बाजूला फ्रेमचे आकडे, बाण, गोल असं सगळं शाईनं छापलेलं असतं. फिल्म कागदासकट गुंडाळली की आतल्या वेढ्याची छापील बाजू बाहेरच्या वेढ्याच्या इमल्शनला टेकून बसते. आता इमल्शन म्हणजे फिल्मवरचा फोटो उमटणारा थर, जिलेटिन आणि त्यात चांदीचे क्षार, आणि जिलेटिन म्हणजे आपल्या भडंगासारखं, उघडं राहिलं की हवेतली ओल ओढून सादळणार. कागदही ओढतो. पाटणच्या जुलैत असा सादळलेला कागद मऊ जिलेटिनला महिनोन्‌महिने चिकटून बसला की जिथं शाई आहे तिथं एक परिणाम होतो, जिथं नाही तिथं दुसरा, आणि डेव्हलप केल्यावर तो फरक आकडा म्हणून उमटतो. कागदाचा स्वतःचा पोत उमटला की ते तुमचे ठिपके आणि ढगाळ पट्टे. याला मॉटलिंग म्हणतात. ते जास्त करून आभाळ, पाणी, भिंत अशा सपाट करड्या भागातच दिसतं, दगडगोट्यात आणि झाडीत लपून जातं, म्हणून तुम्हाला वाटलं फक्त आभाळच खराब झालंय.

पण मी म्हणते म्हणून मानू नका, निगेटिव्ह खिडकीपाशी न्या आणि स्वतः तपासा. लाइट लीक असेल तर उजेड बाहेरून आत येतो, म्हणजे काळा पट्टा फिल्मच्या कडेपासून सुरू होऊन फ्रेममध्ये घुसलेला दिसेल, फ्रेमच्या बाहेरची कोरी कडसुद्धा काळवंडलेली असेल, आणि बहुतेक वेळा तो दर फ्रेमला त्याच जागी येतो कारण फट एकाच जागी असते. तुमचे डाग दर फ्रेमला वेगळ्या जागी आहेत ना? मग ती फट नव्हे. जुन्या बॉक्स कॅमेऱ्यांना मागं लाल खिडकी असते, तिच्यातून ऊन गेलं तर कागदावरच्या आकड्याची सावली फिल्मवर पडू शकते, तेव्हा आकड्याभोवती गोल काळसर चकती दिसते. पण तुमचा कॅमेरा आपोआप थांबणारा, त्याला आकडे बघायची खिडकीच लागत नाही, म्हणून तोही संशय मिटला.

आणि लेन्सच्या बुरशीचं म्हणाल तर हे मी दरवर्षी लिहिते आणि दरवर्षी लिहीन, लेन्सवरची बुरशी फोटोत डाग म्हणून येत नाही. ती फोकसमध्ये नसतेच. ती फार झाली तर सगळा फोटो धुरकट, कमी कॉन्ट्रास्टचा येतो, उन्हाकडं तोंड करून काढला तर जास्तच. बुरशीचा कोळ्याच्या जाळ्यासारखा ठसा निगेटिव्हवर स्पष्ट दिसत असेल तर ती बुरशी निगेटिव्हवरच वाढलेली असते.

अजून खात्री पाहिजे तर एक रोल खर्ची घाला, मला तो खर्च वाया गेला असं वाटत नाही. नवा सीलबंद रोल त्याच कॅमेऱ्यात घाला, बाराच्या बारा फ्रेम नुसत्या आभाळाच्या किंवा चुना दिलेल्या भिंतीच्या काढा आणि दोन दिवसांच्या आत धुवून घ्या. स्वच्छ आला तर कॅमेरा सुटला. आणि निगेटिव्हच्या कडेला कंपनीचं नाव आणि आकडे असतात ना, ते कारखान्यातच उजेडानं छापलेले असतात, तिकडंही नजर टाका. तेही फिकट असले तर डेव्हलपिंग कमी पडलंय, ते ठसठशीत आहेत आणि फोटो तेवढा फिकट आहे तर एक्सपोजर (फोटो काढताना फिल्मला मिळालेला उजेड) कमी पडलंय किंवा फोटो काढून रोल दमट जागी फार दिवस पडल्यामुळं आतली न उमटलेली प्रतिमाच विरत गेलीय. हो, असं होतं. काढलेला फोटो डेव्हलप होईपर्यंत इमल्शनमध्ये सुप्त असतो आणि ओल-उकाडा त्याला खात राहतो.

यावर इलाज नाही, खोटं कशाला सांगू. डाग निगेटिव्हच्या घनतेतच, म्हणजे काळेपणातच बसलाय, पुसून जाणार नाही. आमचे आप्पा रिटचिंग डेस्कवर बसून टोकदार शिसपेन्सिलीनं असले ठिपके एकेक करून भरायचे, लग्नाच्या एका निगेटिव्हला अख्खी दुपार घालवायचे, तुम्ही स्कॅन करून कॉम्प्युटरवर तेच करू शकता. धबधब्याच्या आणि कातळाच्या ज्या फ्रेम आहेत त्या तशाच प्रिंट करा, तिथं कुणाला काही दिसणार नाही.

पुढच्या पावसाळ्यात रोलचं सीलबंद पाकीट कॅमेऱ्यात घालायच्या वेळीच फोडा. रोल संपला की घट्ट गुंडाळून पट्टी चिकटवून झिपच्या पिशवीत सिलिका जेलच्या पुडीबरोबर टाका आणि आठवड्यात धुवा. चार फ्रेम उरल्या तर घरातल्या माणसांचे काढून संपवा. चार फ्रेम वाचवण्यापायी आठ घालवल्या तुम्ही, याचं मला खरंच वाईट वाटलं, कारण कासला तो उजेड रोज मिळत नाही.

प्रश्न : मॅडम, सांगलीत विश्रामबागला राहतो, कॉलेजला आहे. घरीच बाथरूममध्ये ३५ एमएम डेव्हलप करतो. पावसाळ्यात निगेटिव्हवर पांढुरके गोल गोल ठसे येतायत, थेंबासारखे. मला वाटतं बुरशी लागतीय. निगेटिव्ह वाळायलाही पाच-सहा तास लागतात आणि तरी हाताला चिकट लागतात.

उत्तर : एका रात्रीत बुरशी लागत नसते रे, तिला दिवस लागतात. हे वाळण्याचे डाग आहेत, पण कुठल्या बाजूला आहेत ते आधी बघ, सगळं त्याच्यावर आहे.

निगेटिव्हच्या कडेवरची अक्षरं सुलटी वाचता येतील अशी धर, आता तुझ्याकडं जी चकचकीत बाजू आहे ती बेसची, म्हणजे खालच्या नुसत्या प्लास्टिकची, पलीकडची मंद, जराशी उठावाची बाजू इमल्शनची. मोबाइलचा टॉर्च समोरून नाही, एकदम आडवा, फिल्मला जवळजवळ घासून जाईल असा धर. चकचकीत बाजूवर खडूसारखा ठसा दिसला तर तो पाण्यातला क्षार आहे. आपल्याकडं बोअरचं पाणी जड, बादलीला आतून पांढरी कड येते ना तीच ही कड. ती ओलसर मऊ कापडानं, डिस्टिल्ड वॉटर लावून निघते, घाबरायचं कारण नाही.

पण ठसा इमल्शनच्या बाजूला असेल, टॉर्चमध्ये खळगा किंवा कड दिसत असेल, तर तिथं पाण्याचा थेंब बसून राहिला आणि आजूबाजूचं जिलेटिन आधी वाळलं, तो भाग नंतर वाळला, त्या ओढाताणीत तिथली घनताच बदललीय. ती कायमची. पावसाळ्यात हे जास्त होतं कारण हवाच पाणी घ्यायला तयार नसते, थेंब तासन्‌तास तिथंच.

तर शेवटचं धुणं नळाच्या पाण्यात नको, डिस्टिल्ड वॉटरमध्ये वेटिंग एजंटचे (पाणी थेंब न धरता सरकून जावं म्हणून घालायचं रसायन) सांगितलेत तेवढेच थेंब घालून कर. जास्त घातलं तर तोच चिकटपणा येतो, तुझं तेही असू शकेल. फिल्म सरळ उभी न टांगता जराशी तिरकी टांग म्हणजे पाणी एका कडेनं उतरतं. बाथरूममध्ये टांगू नकोस, तिथली हवा सगळ्यात ओली. एखादं रिकामं कपड्यांचं कपाट घे, खाली साधा जुना पिवळा बल्ब लावून ठेव, फिल्मपासून चांगला लांब, कपाट कोमट झालं पाहिजे, गरम नाही. पंखा थेट मारू नकोस, धूळ चिकटते. आणि हाताला चिकट लागत असताना कापून स्लीव्हमध्ये (निगेटिव्हच्या पाकिटात) घालायची घाई तर अजिबात नको, वेढ्याला वेढा चिकटला की इमल्शनच उचकटून येतं.

जाता जाता, तू पाठवलेल्या फोटोत दुसऱ्या पट्टीवर अगदी बारीक, काठ धारदार असलेले पारदर्शक गोल आहेत, प्रिंटमध्ये ते काळे येतील. तो ओलीचा दोष नाही, डेव्हलपर ओतल्यावर टँक आपटायचा राहिला, हवेचे बुडबुडे चिकटले. ओतलं की टँक ओट्यावर दोन-तीनदा हलका आपट.

प्रश्न : महाबळेश्वरहून लिहितेय. फिल्म फ्रिजमध्ये ठेवते तरी रोलला ओल लागली. फ्रिज तर कोरडा असतो ना?

उत्तर : नाही हो ताई, फ्रिज गार असतो, कोरडा नसतो. फ्रिजमध्ये फिल्म चांगली टिकते ती गारव्यामुळं, पण ती हवाबंद असेल तरच. आणि खरा घात बाहेर काढताना होतो, तुमच्याकडच्या धुक्याच्या हवेत गार रोल बाहेर आला की थंड पाण्याच्या तांब्याला जसा घाम येतो तसा रोलला येतो. पाकीट न फोडता दोन तास बाहेर राहू द्या, फ्रीजरमधून काढला असेल तर रात्रभर, आणि मगच फोडा.

घरात किती दमट आहे ते अंदाजानं ठरवू नका, छोटं डिजिटल हायग्रोमीटर घ्या आणि आधी त्याची परीक्षा घ्या. बाटलीच्या बुचात साधं मीठ घाला, चिखलासारखं होईल एवढंच पाणी घाला, बूच आणि मीटर एका झिपच्या पिशवीत बंद करून रात्रभर ठेवा. सकाळी मीटरनं ७५ टक्के दाखवायला पाहिजे. ७० दाखवलं तर तुमचं मीटर पाचनं कमी सांगतंय, तेवढे मिळवून वाचत चला. धुतलेल्या निगेटिव्हला ३० ते ५० टक्के बरं, ६५ च्या वर जाऊन राहिलं की बुरशी आलीच म्हणून समजा, आणि महाबळेश्वरला पावसाळ्यात उघड्या कपाटात ५० च्या खाली राखणं शक्यच नाही, म्हणून रबराच्या पट्टीचा हवाबंद डबा आणि सिलिका जेल. नारंगी जेल हिरवं पडलं की भरलं, ओव्हनमध्ये तापवून परत नारंगी करून वापरा. निळं असतं ते गुलाबी पडतं, पण त्यात कोबाल्टचा क्षार असतो, ते स्वयंपाकाच्या भांड्यात तापवू नका.

प्रश्न : ताई, आम्ही भिलवडीचे. सासऱ्यांचा फोटो स्टुडिओ होता, ते आता नाहीत. २०१९ च्या महापुरात खालच्या खोलीत पाणी शिरलं, निगेटिव्हचे डबे भिजले, ते तसेच उचलून माळ्यावर ठेवले आणि कुणी उघडलेच नाहीत. आता काढले तर काही प्लास्टिकच्या पाकिटाला चिकटलेत, काहींवर पांढरी जाळी आहे, एका डब्यातून व्हिनेगरसारखा वास येतोय. गावातल्या कितीतरी लोकांची लग्नं यात आहेत. धुवून काढू का सगळे?

उत्तर : धुवू नका. हे आधी वाचा आणि मगच डब्याला हात लावा.

मी हे पोटतिडकीनं लिहितेय कारण २००५ च्या पुरात आमच्या घरी हीच वेळ आली होती. आप्पांच्या निगेटिव्ह भिजल्या, आम्ही भावंडांनी घाईघाईनं गच्चीवर उन्हात पसरल्या, वरचं वाळलं, आतलं ओलंच, दोन तासांत सगळ्या वळून एकमेकींना चिकटल्या. तेव्हा कुणी सांगितलं असतं की भिजलेली निगेटिव्ह वाळू द्यायची नसते, स्वच्छ गार पाण्यात ठेवून दोन दिवसांच्या आत एकेक सोडवून, धुवून टांगायची असते, आणि ते जमणार नसेल तर पिशवीत घालून सरळ फ्रीजरमध्ये टाकायची असते, तर निम्म्या तरी वाचल्या असत्या. कृष्णेकाठी राहणाऱ्या प्रत्येकानं हे लिहून ठेवावं, पूर २०२१ लाही आला.

पण तुमची वेळ ती नव्हे, तुमच्या वाळून काही वर्षं झालीत, म्हणून इलाज उलटा. बुरशी जिलेटिन खाते आणि खाल्लेलं जिलेटिन पाण्यात विरघळतं. ज्या निगेटिव्हवर जाळी आहे ती नळाखाली धरली तर चेहरा डोळ्यांदेखत पाण्याबरोबर वाहून जाईल. त्या आधी सिलिका जेलच्या डब्यात आठवडाभर कोरड्या करा म्हणजे बुरशी सुकते, मग घराबाहेर, तोंडाला मास्क लावून, अगदी मऊ ब्रशनं झाडा. घासायचं नाही. उरलेलं चकचकीत बाजूवरून आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये, जवळजवळ शुद्ध असलेल्या, कापूस बुडवून टिपा, आधी एका कोपऱ्यावर करून बघा. जाळीखाली टॉर्चमध्ये खरवडल्यासारख्या रेषा दिसल्या तर तिथलं इमल्शन गेलंय, ते परत येणार नाही. काहींच्या कडेला निळसर आरशासारखी चमक असेल, ती बुरशी नव्हे, दमट हवेनं आणि खराब पुठ्ठ्यानं चांदी वर आलीय, तिला हात लावू नका, स्कॅनमध्ये बऱ्यापैकी निभावतं.

व्हिनेगरच्या वासाचा डबा आजच्या आज बाकीच्यांपासून लांब करा. ते खरंच व्हिनेगरचंच आम्ल आहे, फिल्मचा अ‍ॅसिटेट बेस कुजला की सुटतं, आणि सुटलेलं आम्ल कुजणं अजून वाढवतं, शेजारच्या डब्यांनाही लावतं. तो डबा हवेशीर गार जागी ठेवा आणि स्कॅनिंगला पहिला नंबर त्याचा लावा, कारण बेस आकसत जातो आणि वरचं इमल्शन सुरकुत्या पडून सुटतं. जाळीवाल्या निगेटिव्ह कोरड्या करून ठेवल्या तर थांबतील, हा डबा थांबणार नाही.

पाकिटाला चिकटलेल्या ओढू नका. पाकिटासकट उजेडावर धरून मोबाइलनं का होईना आधी प्रत्येकीचा फोटो काढून घ्या. पाकीट कापून मोकळ्या बाजूनं आपोआप सुटतंय तेवढंच सोडवा, सुटलेल्या जागी चकचकीत चट्टा दिसेल तो प्लास्टिकला टेकून गुळगुळीत झालेल्या इमल्शनचा, त्याला पुसू नका. ज्या अगदीच घट्ट आहेत आणि ज्यांची किंमत घरादाराला आहे त्या स्वतः सोडवायच्या भानगडीत पडू नका, मुंबईला छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं संवर्धन केंद्र आहे, तिथं विचारा.

आणि डब्यांवर, पाकिटांवर सासऱ्यांच्या हातची नावं, तारखा, गावं काही लिहिलेलं असेल तर पाकीट फेकायच्या आधी ते उतरवून घ्या, नाहीतर नवरा-नवरी वाचतील आणि ते कोण होते हे सांगायला कुणी उरणार नाही. स्कॅन झाले की भिलवडीत एकदा सगळ्यांना बोलवा, नावं सांगणारी म्हातारी माणसं अजून आहेत तोवर.